पालथा गंज

गडचिरोली जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाने संशोधन करायचं तर बांबू, मोहफूल किंवा मलेरिया यांवरच करावं, असा एक अलिखित कायदा आहे. मी चामोर्शीतल्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. पीएचडीसाठी मी विषय दिला तो असा: रोमन साम्राज्यातल्या शहरांत लोकांनी आपणहून उभारलेली मंडळं आणि सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांची मंडळी, यांची तुलना. माझ्या गाईडसरांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "मॅडम, तुमच्या भागातल्या बचत गटांवर काही करता येणार नाही का?" मी म्हटलं, येईल ना सर, पण ते पुण्याच्या कोणीतरी करावं. त्यांनी आमच्यावर लिहायचं आणि आम्ही रोमवर लिहायचं नाही, हे मला मान्य नाही. सर हसले. विषय मंजूर झाला, पण पटला असं ते आजवर म्हणालेले नाहीत.

त्यांना मी सांगितलं नाही, पण हा विषय मी लायब्ररीत शोधलेला नव्हता. तो आमच्या गावात, शाळेच्या मागच्या कौलारू खोलीत होता. त्या खोलीत बायकांच्या मंडळाची भांडी असतात. गंज, म्हणजे आमच्याकडची मोठाली पातेली, कढया, पराती, झारे, बसायच्या चटया. लग्न असो की तेरवी, भांडी इथूनच जातात. आमच्या आज्यांच्या पिढीतल्या बायका मार्कंड्याच्या जत्रेला एकत्र जायच्या, तिथे नदीकाठी एकत्र रांधायच्या. तेव्हा घेतलेला तांब्याचा एक गंज अजून आहे आणि मंडळाची सुरुवात त्याच्यापासून झाली असं सगळ्या सांगतात. मंडळात धान पिकवणाऱ्या हिंदू घरांतल्या बायका आहेत, गोंडांच्या घरांतल्या आहेत, आणि आमचं एकुलतं एक ख्रिस्ती घर आहे. माझ्या आजोबांनी मिशनच्या दवाखान्यात बाप्तिस्मा घेतला, पण गाव काही सोडलं नाही.

एकेक भांडं एकेकीकडे असतं. ते घासणं, कल्हई करून आणणं, आणि पंगतीला त्यात जे शिजेल ते शिजवणं, हे तिचं काम. तांब्याचा गंज, म्हणजे भात, आईकडे होता. धान घरात आलं की वर्षातून एकदा भांड्यांचं जेवण व्हायचं. सगळी भांडी चिंच आणि राख लावून घासायची, उन्हात मांडायची, त्यांना हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. मंडळातली सगळ्यांत म्हातारी बाई गोंडांच्या घरची, तिला सगळे मोठी बाई म्हणतात. ती नारळाच्या भानगडीत न पडता भांड्यांसमोर मोहाची फुलं ठेवायची. आई कुंकू लावायची नाही. ती गंजाजवळ उभी राहून डोळे मिटायची आणि तिचे ओठ हलायचे, आवाज कधी यायचा नाही. मग सगळ्या जेवायला बसायच्या.

आणि मंडळातली कोणी गेली, की मातीला नेताना तिला खोलीसमोर थांबवायचं. तिने सांभाळलेलं भांडं मोठी बाई बाहेर आणून पालथं घालायची. तिच्या घरी त्या दिवशी चूल पेटायची नाही, जेवण मंडळाचं. जेवणं होईपर्यंत भांडं पालथंच. त्यानंतर जी ते उताणं करेल, ते पुढे तिचं. हे झाल्याशिवाय त्या भांड्याला कोणी हात लावत नाही.

आता रोमकडे वळते. त्या काळच्या शहरांत विणकरांचं मंडळ असे, सुतारांचं असे, बंदरावरच्या हमालांचं असे, नुसतं एका गल्लीचंही असे. वर्गणी, ठरलेल्या दिवशी एकत्र जेवण, मंडळाचा एखादा देव, आणि सभासद मेला की त्याला नीट पोचवायची जबाबदारी. सरकारला या मंडळांचा कायम संशय. अशा शहरांत काही लोक कोणाच्या तरी घरी जमू लागले, एकत्र जेवू लागले, एकमेकांना भाऊ-बहीण म्हणू लागले, आपली माणसं आपण पुरू लागले. शेजाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांना काय दिसलं असेल? आणखी एक मंडळ. फरक होते, मोठे होते. या नव्या लोकांच्यात मूर्ती नव्हती, एका शहरातलं मंडळ दुसऱ्या शहरातल्याला आपलं म्हणत होतं, आणि इथे आलेल्या माणसाने दुसऱ्या कुठल्या देवापुढे बसू नये अशी त्यांची अट होती. पण पंगत होती, मयत होती, आणि कोण कुठे बसणार यावरची भांडणंसुद्धा होती.

हे मी माझ्या भावाला सांगितलं तेव्हा तो भडकला. दादा माझ्याहून मोठा, चंद्रपुरात नोकरीला, आणि तिथल्या एका नव्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जबाबदारीच्या जागेवर. माणूस सरळ, दारूला न शिवणारा, कोणाच्याही अडीनडीला धावणारा. पण डोक्यात एक गोष्ट बसली की बसली. तो म्हणाला, "देवाच्या मंडळीची बरोबरी तू भांडे घासणाऱ्या बायांसंगं करून राह्यली?" मी म्हटलं, तुलना म्हणजे अपमान, हे कोणी ठरवलं? आणि अपमान झालाच असेल तर नक्की कोणाचा झाला? त्या दिवशी तो न जेवता गेला.

खरं भांडण माझ्या प्रबंधाचं नव्हतं, आईचं होतं. एका दुपारी आई ओसरीवर लाखोळीची डाळ निवडत बसली होती, आम्ही दोघं समोर होतो. ती म्हणाली, "मी गेली का मले गावात आणजा. खोलीसमोर थांबवजा. माहा गंज पालथा घालू देजा, मंग नेजा मातीले. बायांच्या हातचं जेवण होऊ द्या."

दादा म्हणाला, "आई, त्या गंजाले कुंकू लागते."

"लागते त गंजाले लागते. मले कुठी लागते?"

दादाने लगेच करिंथच्या मंडळीला प्रेषिताने लिहिलेल्या पत्राचा आधार घेतला. करिंथ हे बंदराचं शहर. तिथल्या ख्रिस्ती लोकांचे शेजारी, नातेवाईक वेगवेगळ्या मंडळांत होते, त्यांची जेवणं देवळांत व्हायची, आणि या नव्या लोकांपुढे प्रश्न होता की तिथे जावं की नाही, तिथलं खावं की नाही. म्हणजे आमच्या ओसरीवरचाच प्रश्न. प्रेषिताने आधी बजावलं आहे की प्रभूच्या मेजावर आणि मूर्तीच्या मेजावर असं दोन्हीकडे बसता येत नाही. दादा तिथे थांबायचा. आई पुढे वाचायची. पुढे लिहिलं आहे की बाहेरच्या कोणी जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं, तर जा, आणि समोर येईल ते चौकशा न करता खा. त्याच्याही पुढे आणखी एक अट आहे: हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं, तर खाऊ नका. ती दादाच्या बाजूने जाते, आणि आई तीही वाचायची. सगळं वाचून झालं की ती म्हणायची, "आता सांग, यात भात शिजवू नये असं कुठी लिहून आहे?"

एकटा दादाच नव्हता. गावातही वारं फिरलं होतं. एका वर्षी भांड्यांच्या जेवणाला मंडळातली एक नवी सून म्हणाली, जी कुंकू लावत नाही तिने आपल्या भांड्याला हात कशाला लावावा. सगळ्या गप्प झाल्या. मला त्या गप्प बसण्याचा राग अजून आहे. आईने कोणाकडे पाहिलं नाही. ती चुलीपाशी गेली, गंजात पाणी ओतलं, हातात भात हलवायचा आपला लाकडी चाटू घेतला आणि म्हणाली, "भात मी शिजवून राह्यली. ज्याले चालत नसन त्याने खाऊ नये." त्या दिवशी उपाशी कोणी गेलं नाही. सूनही दोनदा भात घेऊन जेवली, मी पाहत होते.

मी कधीकधी आईला माझं वाचन सांगायची. इटलीतल्या एका गावातल्या मंडळाचे नियम दगडावर कोरलेले सापडले आहेत. त्यात एक नियम असा की पंगतीत आपली जागा सोडून जो दंगा करायला दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बसेल, त्याला दंड. आईला हा नियम इतका आवडला की मंडळातल्या सगळ्यांना तिने तो सांगितला, आणि पुढे पंगतीत कोणी जागेवरून कुरबूर केली की बायका हसून दंडाची धमकी द्यायच्या. दुसरा नियम असा: मंडळात गुलामही सभासद असत. गुलाम मेला आणि त्याच्या मालकाने आडमुठेपणाने त्याचं प्रेत दिलं नाही, तर मंडळाने त्याची प्रतिमा करायची आणि त्या प्रतिमेचा अंत्यविधी करायचा. सभासद तो सभासद. आई डाळ निवडणं थांबवून ऐकत होती.

"मंग जेवले का ते?" तिने विचारलं.

मी म्हटलं, ते त्या नियमात लिहिलेलं नाही, पण अशा मंडळांचं जेवणाशिवाय काही होत नसे.

"जेवलेच असन," आई म्हणाली.

गाईडसरांनी त्या नियमावरचं माझं प्रकरण वाचून शेरा मारला की ही फुटकळ बाब आहे, काढून टाकावी. मी काढलं नाही.

आई गेली ती चंद्रपूरच्या दवाखान्यात, ऐन उन्हाळ्यात. दादाने दवाखान्यातूनच सगळं ठरवलं. पास्टरांना फोन झाला, कब्रस्तानात जागा झाली, गाडी आली. मी म्हटलं, गावात न्यायचं आहे. तो म्हणाला, ऊन पाहून राह्यली का, गावापर्यंत कसं न्यायचं. मी म्हटलं, ऊन मला सांगू नकोस, खरं कारण सांग. तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "मी माझ्या आईले कुंकवाच्या गंजासमोर थांबवणार नाई." मी खूप बोलले. दवाखान्याच्या दारात उभी राहून बोलले, लोक पाहत होते तरी बोलले. पण गाडी त्याने बोलावली होती, कागदांवर सही त्याची होती, आणि थोरला मुलगा म्हटल्यावर ऐकायचं कोणाचं हे तिथल्या सगळ्यांना आधीच माहीत होतं. मी हरले.

कब्रस्तानात दादाची मंडळी आली होती. मला त्यांची ओळखही नव्हती. त्यातल्या बायकांनी माझा हात धरला, मला बहीण म्हटलं, गाणी म्हटली, पुरुषांनी स्वतः माती ओढली. दादाच्या घरी जेवण त्यांनीच आणलं. मी पाहत होते. हे तर मंडळच होतं, आणि चांगलं मंडळ होतं. त्यांना आई माहीत नव्हती तरी त्यांनी तिला नीट पोचवलं. म्हणून तर माझा राग जास्त वाढला. ज्यांना हे सगळं इतकं कळतं, त्यांना दुसऱ्या मंडळाचा हक्क का कळू नये?

तेवढ्यात मोठ्या बाईचा फोन आला. "कवा येऊन राह्यले वं? आमी खोली उघडून बसलो."

मी म्हटलं, "बाई, माती झाली. इथीच झाली."

तिने ते तिथे बसलेल्या बायकांना सांगितलं. मग म्हणाली, "मंग गंजाचं काय करावं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मूल शहरावरून गावी गेले. वैनगंगेचा पूल ओलांडेपर्यंत मी रडले नव्हते, नंतर मात्र गावाच्या फाट्यापर्यंत रडतच गेले. खोलीपुढच्या चिंचेखाली बायका बसल्या होत्या. त्यांच्यात वाद चालला होता आणि तो खरा वाद होता. पुढच्या आठवड्यात गावात लग्न होतं. गेलेली बाई खोलीसमोर आल्याशिवाय तिचा गंज पालथा घालता येत नाही, आणि पालथा घातल्याशिवाय दुसरीने त्याला हात लावायचा नाही. एक म्हणत होती, जाऊ द्या, भाड्याचे गंज आणा, हा बंद करून ठेवा. दुसरी म्हणत होती, त्यांच्या लेकानेच नाही आणलं, तर आपण काय करणार.

मी वर्गात शिकवते तशी उभी राहिले आणि त्यांना त्या गुलामाची गोष्ट सांगितली. दूरदेशीचं मंडळ, त्यात आपल्यासारखेच साधे लोक, त्यातला एक गुलाम, त्याचा मालक. प्रतिमा करून त्याला कसं पोचवायचं ते त्यांनी आधीच ठरवून दगडावर कोरून ठेवलं होतं, हेही सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला, कारण मला दादा दिसत होता. तो मालक नव्हता, तो लेक होता, हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी मला फरक दिसत नव्हता, आणि आजही फार दिसत नाही.

सगळ्यांत आधी बोलली ती तीच सून, जिला आईने गंजाला हात लावलेला चालत नव्हता. "मेल्यावर बी नाई देल्लं त्या मालकानं?" तिने विचारलं.

"नाई."

ती उठली आणि चूल मांडायला विटा आणू लागली.

मोठ्या बाईने मला विचारलं, "तुया मायचा चाटू कुठी आहे?"

चाटू आमच्या घरात, चुलीमागच्या खुंटीला होता. वर्षानुवर्षांच्या भाताने त्याची एक कड झिजून पातळ झाली होती. मी आईचं रविवारी चर्चला नेसायचं पांढरं लुगडं काढलं, त्यात तो गुंडाळला आणि दोन्ही हातांवर घेऊन निघाले. मागे बायका होत्या. गावातून जाताना पुरुष दारात उभे राहिले. कोणी हसलं नाही. हसलं असतं तर मी थांबून त्याच्याशी भांडले असते, त्या दिवशी माझी तेवढी तयारी होती. खोलीसमोर मी थांबले. मोठ्या बाईने तांब्याचा गंज ओढत बाहेर आणला, एका बाजूला कलता केला आणि पालथा घातला. त्याच्यावर तिने मोहाची दोन फुलं ठेवली. कोणीतरी कुंकवाचा करंडा आणला होता, तो तिने हाताने बाजूला सारला आणि मला म्हणाली, "तुमचं काय असते ते म्हण."

आई त्या जागी वर्षानुवर्षं नुसते ओठ हलवत आली होती. मी प्रभूने शिकवलेली प्रार्थना मोठ्याने म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, शाळेच्या भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशी. रोजच्या भाकरीच्या ओळीवर मी अडखळले. ती ओळ पुन्हा म्हटली.

मग गावाबाहेर, नदीच्या अंगाला, आजोबांच्या शेजारी आम्ही तो चाटू पुरला. परत येऊन हातपाय धुतोय तोच दादाचा फोन. कोणीतरी त्याला मोबाइलवर फोटो पाठवला होता.

"तू काय करून राह्यली तिथी?"

"आईची माती."

"आई इथी आहे."

"तुझ्या मंडळीची झाली दादा. या मंडळाची राह्यली होती."

"हे पाप आहे," तो म्हणाला. आई त्याचीही होती, हे मी विसरले नव्हते.

मी म्हटलं, "तू नेहमी जिथी थांबते ना, त्याच्या पुढचं वाच." आणि फोन ठेवला.

जेवण दुसऱ्या भांड्यांत झालं होतं, भात थोडा कच्चा होता. सगळ्या जेवल्या. जेवणं झाल्यावर पालथ्या गंजाभोवती कोणी हलेना. सून माझ्याकडे पाहत होती, मोठी बाई पाहत होती. मी कॉलेजात शिकवते, माझ्या घरात दोन माणसांचा कुकर लागतो, शंभर माणसांचा भात मी कधी शिजवला नव्हता. तरी मी पुढे झाले आणि गंज उताणा केला. तो माझ्या अंदाजापेक्षा खूप जड होता, सुनेने दुसरा कान धरला म्हणून जमलं. लग्नात मी शिजवलेला भात खाली लागला. वरपक्षातलं कोणीतरी नाक मुरडून गेलं. मोठी बाई म्हणाली, तुझ्या आईचाही पहिला लागला होता. खरं-खोटं तिला माहीत.

प्रबंधाचं ते प्रकरण आहे तिथेच आहे. सरांनी पुन्हा विचारलं तर मी पुन्हा नाही म्हणणार आहे. फुटकळ काय आणि महत्त्वाचं काय, हे लायब्ररीत बसून ठरत नाही.

आता धान कापणीला आलं आहे. ते घरात आलं की भांड्यांचं जेवण. चिंच आणि राख मी आणून ठेवली आहे. मी दादाला फोन करून बोलावलं, बायकांनीही वेगळा निरोप पाठवला. तो येणार नाही म्हणाला. बरं, म्हटलं. मी आईच्या जागेशेजारी त्याचं पान मांडणार आहे आणि त्यावर भात वाढणार आहे. तो आला नाही तरी ते पान उचलायचं नाही, असं मी मंडळात सांगून ठेवलं आहे. त्या जागेवर दुसरं कोणी बसलं तर दंड.